बंदूक त्यांची, डुक्कर सरकारचे, शेत आमचे



जगात रायफलीचे वेड असलेली एक जमात आहे. आपल्या बैठकीत कापसाच्या भावावर जसे हमरीतुमरीवर येऊन बोलले जाते तसे ही माणसे कॅलिबरवर बोलतात. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११ साली काढलेले ४१६ चे काडतूस सरस, की हॉलंड अँड हॉलंडने त्याच्या पुढच्याच वर्षी बाजारात आणलेले ३७५ मॅग्नम सरस, हा वाद शंभर वर्षे मिटलेला नाही. माउझरच्या बोल्टवर भरवसा ठेवावा, की रानरेडा अंगावर आला तर दुनळीच बरी, यावर पुस्तकेच्या पुस्तके निघाली आहेत. बंदुकीच्या दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड, त्यावरचे रेषांचे नक्षीकाम, याचे वर्णन ते असे करतात की ऐकणाऱ्याला वाटावे, घरात सून बघायची चालली आहे.

हॉलंड अँड हॉलंडची नवी दुनळी रायफल लाखाहून अधिक पौंडांना पडते. आपल्या रुपयांत कोटीच्या वर. एवढ्या पैशात किती एकर कोरडवाहू जमीन येते याचा हिशेब वाचकांनी आपापल्या तालुक्याच्या भावाने करावा.

बंदूक घेतली की ती चालवायला परदेश हवा. नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया, दक्षिण आफ्रिका. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम. दिवसाचे भाडे वेगळे, पडलेल्या जनावराची फी वेगळी, मुंडके भरून घरी नेण्याचा खर्च वेगळा. या सफरींचा आद्य पुरुष म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. १९०९ साली गादीवरून उतरल्याबरोबर ते मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत गेले. इंग्लंडमधल्या चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंडची दुनळी सोबत होती. बापलेकांनी मिळून पाचशेवर जनावरे पाडली, त्यांची यादी पुस्तकात छापली आणि वॉशिंग्टनचे संग्रहालय भरून टाकले. ज्या मुलखात हे चालले होते तिथल्या माणसाला सामानाची ओझी वाहण्याची मजुरी मिळाली.

आता कोणी म्हणेल, हे साहेबलोकांचे चोचले आपल्या पत्रकात कशाला? तर त्याला कारण आहे.

आपल्याकडेही हा धंदा होता आणि तो आपल्या नागपुरातूनच चालत होता. ॲल्विन कूपर नावाची शिकार कंपनी १९५० च्या दशकात अमेरिकन शिकाऱ्यांना मध्य भारताच्या जंगलात वाघ मारायला आणत असे. कंपनी काढणारे गृहस्थ विद्याचरण शुक्ल. हेच पुढे आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री झाले. परदेशी पाहुण्याच्या मचाणापर्यंत वाघ हाकलत न्यायचा कोणी? जंगलाकाठच्या गावांनी. हाकेवाल्याला दिवसाची मजुरी, कंपनीला डॉलर, सरकारला परवान्याची फी. वाघाने ज्याची गाय नेली त्याच्या गोठ्यात या डॉलरपैकी काय आले, हे विचारायचे नाही. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेवर वाघ सांगितले जातात. म्हणजे जंगल ओसाड करणारे हात कोणाचे होते हे उघड आहे. ते हात नांगर धरणारे नव्हते.

१९७० साली वाघाच्या शिकारीला बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. शौकिनांचे काही बिघडले नाही, ते विमानाने आफ्रिकेला जाऊ लागले. कायद्याचे ओझे पडले ते जंगलाकाठी पेरणाऱ्यावर.

साहेबांच्या छंदाचे आम्हाला कौतुक नाही. पण त्या छंदाच्या पैशाचे आफ्रिकेतल्या काही देशांनी काय केले ते आपल्या शेतकऱ्याने समजून घेतले पाहिजे. तिथे प्रश्न विचारला गेला की जनावर कोणाचे? इंग्रजांच्या राज्यात उत्तर ठरलेले होते, जनावर सरकारचे. तेच उत्तर आपल्याकडे आजही आहे. झिंबाब्वेने (तेव्हाचे ऱ्होडेशिया) १९७५ च्या कायद्याने जमीनधारकाला आपल्या जमिनीवरच्या जनावरांचा अधिकार दिला. तो अर्थातच गोऱ्या शेतकऱ्यांसाठी होता. स्वातंत्र्यानंतर १९८२ साली तो काळ्या शेतकऱ्यांच्या सामाईक जमिनींसाठी जिल्हा परिषदांना मिळाला आणि १९८९ पासून कॅम्पफायर नावाची योजना सुरू झाली. नामिबियाने १९९६ साली कायदा बदलला, १९९८ मध्ये पहिल्या ग्रामसंस्था नोंदल्या गेल्या, आज त्यांची संख्या ऐंशीवर आहे. शिकारी कंपनीशी करार गाव करते, फी गावाच्या खात्यात जमा होते, मांस गावात वाटले जाते. साहेब मुंडके नेतो. न्यावे बापड्याने. मुंडक्याला काही कोणी वाटाणे घालून शिजवत नाही.

ज्या हत्तीने काल मका तुडवला तोच हत्ती उद्या शाळेची खोली बांधून देणार असेल, तर माणूस त्याच्यावर विष घालत नाही. एवढे साधे अर्थशास्त्र आहे. केनियाने १९७७ साली सगळी शिकार बंद केली. तिथल्या माळरानांवरची वन्य जनावरे १९७७ ते २०१६ या काळात सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. घट बंदीमुळेच झाली असे कोणी म्हणू नये, गुरे वाढली, कुंपणे आली, दुष्काळ पडले. पण बंदीने जनावर वाचते हा मंत्र म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

या व्यवस्थेत सारे आलबेल आहे असेही नाही. आम्ही कोणाच्या वकिलीला बसलेलो नाही. झिंबाब्वेत पैसा जिल्हा परिषदेत अडकतो, गावापर्यंत पोचता पोचता त्याचा पाझर होतो. आपल्या जिल्हा परिषदा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेत तर सिंह पिंजऱ्यात वाढवून, कुंपणात सोडून गिऱ्हाइकापुढे उभे करण्याचा धंदा निघाला. तो बंद करू असे तिथल्या सरकारने २०२१ साली जाहीर केले. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरून पराक्रम गाजवणाऱ्याला शिकारी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

२०१५ च्या जुलै महिन्यात झिंबाब्वेच्या ह्वांगे अभयारण्याच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. मारणारा अमेरिकेतला दंतवैद्य, मोजलेली रक्कम पन्नास हजार डॉलरच्या घरात. त्याने तर रायफलही वापरली नाही, पहिला घाव बाणाचा. सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा होता, त्याला नाव होते, म्हणून अमेरिका-युरोपात रडारड झाली. त्या दंतवैद्याच्या दवाखान्यासमोर लोकांनी खेळण्यातले सिंह आणून ठेवले. त्याच सुमारास अमेरिकेत शिकत असलेल्या झिंबाब्वेच्या एका तरुणाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. आमच्या गावात सिंहाची दहशत काय असते ते त्याने सांगितले आणि तुम्ही सिंहासाठी रडता, सिंहाने खाल्लेल्या माणसासाठी का रडत नाही, असे विचारले. त्याचे उत्तर कोणी दिले नाही. तो लेख आपल्याकडच्या एखाद्या रोही-डुकराने नागवलेल्या पोराने लिहिला असता तरी शब्द फारसे बदलावे लागले नसते.

बोट्स्वानाने २०१४ साली शिकार बंद केली आणि २०१९ साली पुन्हा सुरू केली. तिथे एक लाख तीस हजारांच्या आसपास हत्ती आहेत. शिकारीची मुंडकी देशात आणण्यावर निर्बंध घालण्याची भाषा जर्मनीने सुरू केली, तेव्हा २०२४ च्या एप्रिलमध्ये बोट्स्वानाचे तेव्हाचे अध्यक्ष मसिसी म्हणाले की वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवून देतो, तुम्हीच सांभाळा. त्याआधी त्यांच्या मंत्र्याने लंडनच्या हाइड पार्कात दहा हजार हत्ती सोडण्याची तयारी दाखवली होती. आम्हाला ही भाषा कळते. आपल्याकडचे पाचपन्नास रानडुकरांचे कळप एका रात्रीपुरते मलबार हिलच्या बागेत सोडता आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रिमंडळाची बैठक लागेल.

आता आपल्या बांधावर या.

रात्री डुकरे तुरीत, हरभऱ्यात, उसात शिरतात. जेवढे खातात त्याच्या दुप्पट उकरून टाकतात. रोही कळपाने येतो. त्याला नीलगाय म्हटल्यामुळे मोठा घोटाळा झाला आहे. नाव गाईचे, जात हरणाची, आणि भूक बैलाची. शेतकरी थंडीत मचाणावर जागली करतो, डबा बडवतो, फटाके उडवतो. साप चावून मरतो. कंटाळून कोणी तारेत करंट सोडतो आणि सकाळी त्याच तारेला शेजारचा नाहीतर त्याचा स्वतःचाच मुलगा चिकटलेला सापडतो. अशा बातम्या जिल्हा पानाच्या कोपऱ्यात चार ओळींच्या येतात. त्यांच्या गळ्यात ऑक्सफर्डचा पट्टा नसतो.

कायदा काय म्हणतो? कलम ११ म्हणते की उभ्या पिकाला धोका करणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. देऊ शकतो, दिलीच पाहिजे असे नाही. कलम ३९ म्हणते की अशी परवानगी घेऊन मारलेले जनावर ही सरकारची मालमत्ता. वा रे न्याय! जिवंत असताना आमच्या शेतात चरते तेव्हा ते कोणाचेच नसते, मेले की सरकारचे होते. शेजाऱ्याचा बैल आपल्या पिकात शिरला तर कोंडवाडा आहे, दंड आहे, भरपाई आहे. सरकारच्या डुकराला कोंडवाडा नाही. नुकसानभरपाईचे कागद आहेत, पण वनखात्याचा माणूस, महसूलचा माणूस आणि कृषी खात्याचा माणूस एका दिवशी एका बांधावर आणणे हे रूझवेल्टच्या सफरीपेक्षा अवघड काम आहे.

आणि बंदूक? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्पष्ट लिहिलेला आहे. कोकणात अजूनही असे परवाने आहेत. नव्याने मागायला जा, म्हणजे कळेल. ज्यांच्याकडे आहे त्यांना निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्यामुळे ती त्या महिन्यात निर्धास्त चरतात. शौकिनाला नेमबाजीसाठी परदेशी रायफल मिळते, भातशेती राखणाऱ्याला ठासणीची नळी ठेवताना आपण गुन्हेगार असल्यासारखे वागवले जाते.

याहून गंमत पुढे आहे. बिहारमध्ये केंद्राने २०१५ च्या डिसेंबरात रोही आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या परिसरात अडीचशेच्या आसपास रोही मारले गेले. मारायला कोण? हैदराबादहून बोलावलेले हौशी नेमबाज. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. आपल्या यवतमाळात पांढरकवड्याच्या बाजूला जी वाघीण तेरा बळी घेणारी म्हणून ठरवली गेली, तीही २ नोव्हेंबर २०१८ रोजी हैदराबादच्याच नेमबाजाच्या गोळीने पडली. ती कशी मारली यावर चौकश्या झाल्या, शहरात मोर्चे निघाले. ती असताना दोन वर्षे ज्या गावांनी कापूस वेचायला बाया एकट्या पाठवल्या नाहीत, त्या गावांत मोर्चेकऱ्यांपैकी किती जण जाऊन आले?

म्हणजे सरकारला गरज पडली की शौकिनाची रायफल देशसेवा होते. तेच काम स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पिकासाठी, स्वतःच्या हाताने केले की शेतकरी तुरुंगात. आम्ही वाघ मारायचा परवाना मागत नाही. परदेशी साहेबांना पुन्हा नागपुरात बोलवा असेही म्हणत नाही, त्यांच्या बंदुका त्यांना लखलाभ. आमचे म्हणणे रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरते आहे. ही दोन्ही जनावरे संपत चाललेली नाहीत, हे वनखातेही मान्य करते. या जनावरांपासून पीक राखणे हा शेतकऱ्याचा हक्क माना, अधिकाऱ्याची मेहेरबानी नको. मारलेल्या जनावराचे मांस-कातडे ज्याचे पीक गेले त्याचे. ठासणीच्या बंदुकीचा परवाना ठरलेल्या मुदतीत द्या, नाकारायचा तर कारण लेखी द्या. आणि हे सगळे करायचे नसेल, जनावर सरकारचेच ठेवायचे असेल, तर मालकाने मालकासारखे वागावे. आपली जनावरे कुंपणात ठेवावीत, आणि ती बाहेर आली तर बाजारभावाने पूर्ण भरपाई द्यावी.

जिल्हा बैठकीत या मागण्यांचा ठराव मांडला जाईल. येताना प्रत्येक गावशाखेने एका कागदावर लिहून आणावे: गेल्या हंगामात कोणत्या गट नंबरात, कोणत्या पिकाचे, किती एकर नुकसान झाले, अर्ज केला का, पंचनामा कितव्या दिवशी झाला, पैसे किती आले. परवानगीचा किंवा परवान्याचा अर्ज फेटाळलेला असेल तर त्याची झेरॉक्स जोडावी. जागलीवर माणूस गेला असेल त्या घरातल्या कोणी बैठकीला यावे, त्यांना पहिल्यांदा बोलू दिले जाईल.