एकाला टाकी, दुसऱ्याला जाळे

अ‍ॅक्सोलोटल मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवर झळकतो. आयुष्यभर कल्ले बाळगून पाण्यातच राहणारा, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा हा सॅलमँडर जगभरच्या प्रयोगशाळांत आणि हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत सुखाने वाढतो. त्याचे उरलेले नैसर्गिक घर मात्र एकच, मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचे सोचिमिल्को. तिथल्या कालव्यांत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० अ‍ॅक्सोलोटल होते. २०१४ मध्ये उरले ३६. शहराचे सांडपाणी आणि खाण्यासाठी म्हणून सोडलेले तिलापिया व कार्प मासे त्यांच्या मुळावर आले. टाकीत तो जिवंत आहे म्हणून निर्धास्त राहणे मला पटत नाही. तरी त्याचा प्रश्न एका जागेचा आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचे संशोधक तिथल्या शेतकऱ्यांना हाताशी धरून कालव्यांचे कोपरे स्वच्छ करत आहेत, आणि तोच खरा उपाय आहे.

करवत माशाला असा कोपरा कुठून आणायचा? नावाने मासा असला तरी कूळ पाकटाचे. म्हणूनच कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला. आपल्याच अरबी समुद्रातला हा जीव सहा मीटरपलीकडे वाढतो. गाळात दडलेल्या भक्ष्याची सूक्ष्म विद्युत स्पंदने तो आपल्या लांब, करवतीसारख्या मुस्कटाने टिपतो. पण तीच करवत जाळ्यात गुंतली की सुटता सुटत नाही. जाळे कोळंबीसाठी टाकलेले असो की सुरमईसाठी. अ‍ॅक्सोलोटलची मादी एका खेपेला शेकडो अंडी घालते. करवत माशाची मादी मोजकीच पिल्ले जन्माला घालते. त्यामुळे एक मोठी मादी मेली तरी भरून न येणारी हानी होते.

दोघेही अतिसंकटग्रस्त, पण करवत माशाचे भवितव्य दर होडीवर ठरते. भारतात २००१ पासून त्याला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. मात्र भर समुद्रात महागडे जाळे कापायचे, तर तो खर्च एकट्या मच्छीमाराने का सोसावा? म्हणूनच संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी महाराष्ट्राची २०१८ ची योजना मला मोलाची वाटते. ही रक्कम अर्ज केल्यावर लवकर हातात पडली पाहिजे. आणि तांडेलांनो, करवत दिसली तर जाळे कापा, फोटो काढा, भरपाई हक्काने मागा.