मुखपृष्ठावरची बाई

यंदा दिवाळी अंक छापायला जाण्याआधीच मुखपृष्ठावरून खडाजंगी झाली. चित्रात कपाशीच्या वावरात, धुऱ्यावर एक बाई बसली आहे. अंगावर काठाचं लुगडं, डोईवर पदर, मांडीवर लेकरू. चित्रकार म्हणाला, ही मरिया, येशूची माय. एकानं लगेच विचारलं, "मग निळा झगा कुठं गेला?" दुसऱ्यानं आडवळण घेतलं नाही. "दिवाळीला लक्ष्मी सोडून ही कशी?"

आधी झग्याचं पाहू. नाझरेथच्या सुताराच्या घरात तो निळा झगा असणं कठीणच. तो तिला युरोपातल्या चित्रकारांनी दिला. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला निळा दगड कुटून तो रंग निघे आणि सोन्याच्या तोडीनं विकला जाई. घरातलं सगळ्यात महाग ते देवीला, एवढाच त्यामागचा हिशेब. तो आपल्याला परका नाही.

लुगड्याची गोष्ट मात्र आपल्या जवळची. चित्रकार आंजेलो द फोन्सेका 1902 साली गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर जन्मले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, आणि गोव्यात परतून त्यांनी मरियेला साडी नेसवली. पोर्तुगीज अमलातल्या कर्मठ मंडळींना ते सोसलं नाही. फोन्सेकांनी गोवा सोडला, पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले आणि 1967 साली मरेपर्यंत चितारत राहिले. त्यांची मरिया सिंहासनावर क्वचितच दिसते. ती आपल्या घरातल्यासारखी भुईवर बसते. पुढं त्यांच्या पत्नी आयव्ही यांचाच चेहरा तिला आला. मला हे फार आवडतं. संतीण रंगवायला रोज डोळ्यांसमोर असलेली बाई लागते. आज त्यांची बरीच चित्रं गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

आणि मरियेला मराठी बोलायला तर त्याच्याही तीनशे वर्षं आधी लावलं होतं. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं, तेही ओव्यांत. भाषा चालली आणि लुगडं खुपलं, हे नवलच.

आता लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला आपण जिच्यापुढं खातेवही ठेवतो, ती कमळावर उभी, साडी नेसलेली, चार हातांची लक्ष्मी घरोघरी पोचली ती राजा रविवर्म्यांच्या छापखान्यामुळं. 1894 साली तो मुंबईत सुरू झाला. म्हणजे आपल्या देवीचं हे रूपही केरळच्या एका चित्रकारानं ठरवलं, आणि दगडी छाप्यानं ते पक्कं केलं. त्याआधी आमच्या इंझोरी गावच्या पणज्यांनी कोणती लक्ष्मी पुजली असेल? बहुधा तांदळाची रास, नाणी आणि दिवा.

आमच्याकडं कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी बाया वावरात सीतादही करतात. तिथं तर मूर्तीही नसते. दहीभात, हळदकुंकू आणि समोर फुटलेलं बोंड. कुणी विचारत नाही, देवीचा झगा कुठला.

चित्र जसंच्या तसं छापलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावं. पत्र पुढच्या अंकात घेऊ, पण चित्र नीट पाहून लिहा.