अडीच हजारांवर अडलेला कर

पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात एक छोटीशी ओळ असते : वृत्तिकर. रक्कम किरकोळ असल्यामुळे तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मात्र श्रीमंत-गरीब दरी कमी करण्यात कराचा वाटा काय, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सुरुवात याच ओळीपासून करता येईल. कारण याच कराने महाराष्ट्रात एकेकाळी मोठे काम करून दाखवले आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना राज्यभर पोचली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. मागेल त्याला काम द्यायचे, तर पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने, डॉक्टरने, वकिलाने, व्यापाऱ्याने थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम हा मजुराचा हक्क ठरला. पुढे २००५ साली देशासाठी असा कायदा करताना दिल्लीसमोर नमुना होता तो याच योजनेचा.

आपल्या मध्यप्रदेशात वृत्तिकराचा आजचा कायदा १९९५ चा. कर तोच, पण ‘आपला पैसा अमक्याच्या चुलीपर्यंत जातो’ अशी ओळख त्याला इथे कधी लाभली नाही. त्याचा दुसरा दोष तर देशभर सारखाच आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वरची मर्यादा घातली आहे. आरंभी ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. त्या काळी अडीच हजार म्हणजे अनेकांचा महिन्याचा पगार. त्यानंतर पगार कोठल्या कोठे गेले, पण मर्यादा जागची हललेली नाही.

परिणाम काय, तो साध्या हिशेबाने पाहू. वर्षाला पाच लाख मिळवणारा अडीच हजार भरतो, म्हणजे शंभर रुपयांमागे पन्नास पैसे. पन्नास लाख मिळवणाराही अडीच हजारच भरतो, म्हणजे शंभरामागे पाच पैसे. ज्याची ऐपत दसपट, त्याच्यावरचा भार एक दशांश! चढत्या दराच्या कराचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. ज्याच्याकडे अधिक, त्याने केवळ रक्कमच नव्हे, तर वाटाही अधिक द्यावा. दहा हजारांत घर चालवणाऱ्याचे शंभर रुपये गेले तर त्या दिवशीची भाजी जाते. लाखांत खेळणाऱ्याला ते गेल्याचे कळतही नाही.

“आम्ही मध्यमवर्गीयच किती भरायचे?” असा प्रश्न आपल्या घरांत नेहमी निघतो. तो चुकीचा नाही. परंतु २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच घरांचा तो भार उतरला आहे. आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या बाईंना प्राप्तिकर नव्हताच, पण साबणावरचा जीएसटी आणि मुलाच्या मोटारसायकलच्या पेट्रोलवरचा कर त्या आपल्या इतक्याच दराने भरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये साबणावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. तरी वस्तूवरचा कर गिऱ्हाईकाची ऐपत विचारत नाही, हे खरेच.

दुसरी बाजूही नजरेआड करू नये. १९७३-७४ साली प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरणार असतील, तर माणूस उत्पन्न लपवणारच. म्हणून दर चढता हवा, पण पाळता येईल असा हवा. मात्र आपला लंबक दुसऱ्या टोकाला गेला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ मध्ये गेला. १९५७ चा संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वसुली थोडी आणि कटकट फार, ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. परंतु त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. आज कोट्यवधींचा वारसा मिळाला, तरी त्यावर वारसाकर नाही.

हे सारे इंदूरशी कसे जोडलेले आहे, ते आपल्या पिढीला सांगायला नको. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कित्येक जण ते पैसे न बघताच गेले. महाराष्ट्रातली हमी खेड्यांपुरती होती, शहरात काम गेलेल्याला तशी हमी कोठेच नव्हती. आज सुपर कॉरिडॉरवर आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि परदेशीपुऱ्यात, मालवा मिल भागात जुनी कामगार कुटुंबे अजून सावरत आहेत. शहर एकच, पण दोन टोके.

यावर तोडगा फार अवघड नाही. वृत्तिकराची मर्यादा वर्षाला १८,००० करावी, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगाने केली होती. ही केवळ वरची मर्यादा आहे. छोट्या पगारदाराचा कर न वाढवताही वरच्या उत्पन्नांसाठी नवे टप्पे आखता येतात. पन्नास लाखांवर अठरा हजार म्हणजे शंभरामागे छत्तीस पैसे, पाच लाखवाल्याच्या आजच्या वाट्याहूनही कमीच! त्यातून येणारी वाढीव रक्कम शहरातल्या बेकारांच्या कामासाठी राखून ठेवावी, असा आग्रह आपण धरायला हवा.

मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा आणि त्याची प्रत आपल्या खासदार-आमदारांकडे जावी, अशी आमची सूचना आहे. आपल्या समाजात आज डॉक्टर, सी.ए., अभियंते, उद्योजक पुष्कळ आहेत. मर्यादा वाढली तर पहिली झळ त्यांनाच बसेल. म्हणूनच ही मागणी त्यांच्याकडून आली तर तिला वजन येईल. दुसऱ्याच्या खिशातून दान करा म्हणणे सोपे असते, ‘आमच्याकडून थोडे अधिक घ्या, पण ते कुठे गेले ते दाखवा’ असे म्हणणारा समाज विरळा. इंदूरच्या मराठी माणसाने ते म्हणावे.