बधिर करंगळी
नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या गावात अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारी मुलं टेबलावर कोपर टेकवून तासन्‌तास वाचतात, रात्री हात दुमडून मोबाईल धरतात. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली, तर 'हात अवघडला' म्हणून सोडून देतात. कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी अल्नार नस तिथे जवळजवळ कातडीखालीच असते. कोपर दुमडलं की ती ताणली जाते, दाबली जाते. सुरुवातीला कोपर टेकवणं थांबवलं, झोपताना टॉवेल गुंडाळून हात सरळ ठेवला, तर बहुतेकदा आराम पडतो. पण अंगठा आणि तर्जनीमधलं मांस झडू लागलं, किल्ली फिरवताना पकड सुटू लागली, की शस्त्रक्रियेनंतरही ताकद पूर्ण परतेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त अस्वस्थ करते. महाराष्ट्रातून कुष्ठरोग अजून गेलेला नाही, आणि तोही याच नसेवर, बऱ्याचदा याच कोपरापाशी घाव घालतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. म्हणून बधिर करंगळी घेऊन आलेल्या तरुणाला नुसती वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवू नये. नस जाड लागते का, कातडीवर बधिर चट्टा आहे का, हे डॉक्टरांनी पाहावं; शंका असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी.