कुत्र्याचा विमा काढावा का? दवाखान्याच्या बिलाचं गणित समजून घ्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दोन वर्षांच्या लॅब्राडोरने खेळता खेळता मोजा गिळलाय आणि तो सारख्या उलट्या करतोय. डॉक्टर सोनोग्राफी बघून सांगतात, "आतड्यात अडकलाय, ऑपरेशन करावं लागेल." यानंतरचा प्रश्न घरातल्या कुणालाच मोठ्याने विचारायचा नसतो. खर्च किती येईल?

हा प्रश्न आता जास्त घरांत येतोय, कारण उपचारांची सोय वाढली आहे. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सने २०२४ मध्ये कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांसाठी सुमारे २०० खाटांचं हॉस्पिटल सुरू केलं. आयसीयू, सीटी स्कॅन, एमआरआय या गोष्टी आता प्राण्यांसाठीही आहेत. जिथे पूर्वी "आता काही करता येणार नाही" असं ऐकायला मिळायचं, तिथे आज "करता येईल, पण खर्च येईल" असं ऐकायला मिळतं. म्हणूनच पेट इन्शुरन्सची चर्चा होते.

या विम्यात नेमकं काय मिळतं?

भारतात कुत्र्याचा विमा नवीन नाही. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, ओरिएंटल यांसारख्या सरकारी कंपन्यांकडे तो बऱ्याच काळापासून आहे. पण जुन्या धाटणीच्या पॉलिसी गाई-म्हशींच्या विम्यासारख्या असतात. त्यांचा मुख्य भर जनावर दगावलं तर मिळणाऱ्या भरपाईवर असतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झने ऑगस्ट २०२० मध्ये जी पॉलिसी आणली, तिच्यात ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा खर्च हा मुख्य भाग होता. सोबत ओपीडी, चोरी किंवा हरवणं आणि कुत्रा दुसऱ्याला चावल्यास द्यावी लागणारी भरपाई असे पर्याय होते. नंतर इतर खासगी कंपन्याही या बाजारात उतरल्या.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही पॉलिसी कुत्रा गेल्यावर पैसे देणार की त्याला वाचवण्यासाठी? सांभाळणाऱ्याला गरज असते ती दुसऱ्याची.

मग क्लेम कुठे अडकतो?

लसीकरण, जंताचं औषध, ग्रूमिंग, नसबंदी हे नेहमीचे खर्च विम्यात सहसा येत नाहीत. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार वगळलेला असतो. सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे वेटिंग पीरियड असतो, त्या काळात झालेल्या आजाराचा क्लेम मिळत नाही.

लस चुकवली आणि पार्व्हो किंवा डिस्टेंपर झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. जन्मजात आणि आनुवंशिक आजार अनेक पॉलिसींत वगळलेले असतात. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक त्रास बऱ्याचदा दिसतो. म्हणजे ज्या आजाराची जास्त भीती, तोच यादीबाहेर असू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात सर्रास होणाऱ्या गोचीड तापाबद्दल पॉलिसी काय म्हणते, तेही बघायला हवं.

शिवाय अनेकदा बिल आधी स्वतः भरावं लागतं, पैसे नंतर परत मिळतात. म्हणजे विमा असला तरी त्या रात्री हाताशी पैसे लागतातच.

विमा की वेगळी बचत?

एक साधं गणित मांडून बघू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा वर्षाचा प्रीमियम ६,००० रुपये आहे, कव्हर ५०,००० रुपयांचं आहे आणि बिलाचा १० टक्के भाग मालकाने भरायचा आहे. दुसरा पर्याय म्हणजे दरमहा ५०० रुपये बाजूला टाकायचे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ४०,००० रुपयांचं ऑपरेशन करावं लागलं, तर बचतीत असतील १२,०००. म्हणजे २८,००० कमी पडतील. विमा असेल आणि क्लेम पूर्ण मंजूर झाला, तर ३६,००० परत मिळतील. इथे विमा जिंकतो.

आता दुसरी बाजू. कुत्रा नऊ वर्षं ठणठणीत राहिला, तर बचतीत व्याज सोडून ५४,००० रुपये जमलेले असतील. विम्यात तेवढेच पैसे गेलेले असतील आणि हातात काही नसेल. त्यातच पॉलिसीला वयाची मर्यादा असते, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींसाठी ती आणखी कमी असू शकते. किडनी, हृदय, गाठी असे म्हातारपणाचे आजार सुरू होतात, नेमकं तेव्हाच विम्याचं दार बंद होऊ लागतं.

म्हणून तरुणपणी अपघात आणि अचानक ऑपरेशनसाठी विमा उपयोगी, तर म्हातारपणासाठी बचत. ज्यांना जमेल त्यांनी दोन्ही सोबत सुरू करणं सर्वांत सुरक्षित. एकच जमत असेल, तर ३०-४० हजारांचं बिल आज खिशातून देता येईल का, हे स्वतःला विचारावं. उत्तर "नाही" असेल आणि कुत्रा लहान असेल, तर विम्याला अर्थ आहे. "हो" असेल किंवा कुत्र्याचं वय सात-आठच्या पुढे गेलं असेल, तर बचत बरी.

काढायचाच असेल तर

पिल्लू असतानाच काढा. लसीकरण कार्ड आणि महापालिकेचा परवाना जपून ठेवा. आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी डॉक्टरांचे जुने कागद तपासले जातात. एका आजारासाठी जास्तीत जास्त किती पैसे मिळतील, ते लेखी विचारा. आयकरात आरोग्य विम्यावर मिळणारी सूट या प्रीमियमवर मिळत नाही. ती माणसांच्या आरोग्य विम्यासाठी आहे.

आणि विमा काढला म्हणून लस चुकवून चालत नाही. कुत्र्याला पार्व्होपासून लसच वाचवते. विमा फक्त बिलाचा भार हलका करतो, तोही कागद नीट असतील तर.