मनगटाला पट्टा, मुठीला सुट्टी

पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण दवाखान्यात आला. वय १९, छाती भरलेली, पाठ रुंद. तक्रार काय, तर सैन्यभरतीच्या तयारीत बीमवर सातव्या पुल-अपला हात सुटतो. ‘‘डॉक्टरसाहेब, पाठ थकत नाही, बोटंच उघडतात!’’ भरतीत दहा पुल-अप्सना पूर्ण ४० गुण मिळतात, सहांना फक्त १६. धावण्यात पुढे असलेला मुलगा मुठीपायी मागे पडत होता.

तळहात पाहिले, तर घट्टे नावालाही नाहीत. दोन वर्षे वजने उचलणाऱ्याचे हात कारकुनासारखे मऊ! चौकशी केल्यावर उलगडा झाला. जिममध्ये पहिल्या आठवड्यापासून तो ओढण्याचा प्रत्येक व्यायाम मनगटाला कापडी पट्टे बांधूनच करीत होता.

हा पट्टा मनगटात अडकवून त्याचे टोक दांड्याभोवती गुंडाळतात. मग बोटांवरचा बराचसा भार पट्ट्यावर जातो. पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू मोठे, त्यांना पुरता व्यायाम होण्याआधीच बोटे दमतात, म्हणून ही युक्ती निघाली. मला पट्ट्याचा राग नाही. डेडलिफ्टच्या शेवटच्या जड फेरीला किंवा तळहात सोलला असेल तेव्हा तो जरूर बांधावा. पण हलक्या वजनालाही पट्टा म्हणजे धडधाकट माणसाने कुबड्या घेण्यासारखे आहे. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू पंजात नसतात, कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. भार पडला नाही तर ते वाढणार कसे? शिवाय पॉवरलिफ्टिंग आणि वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांत पट्टे चालतच नाहीत. चॉकची पावडर तेवढी चालते, आणि घामट हातांना तीच जास्त उपयोगी.

वजन उचलून खांद्यावर झेलण्याच्या ‘क्लीन’ या प्रकारात तर पट्टा बांधूच नये. ऐनवेळी दांडा सोडता आला नाही, तर मनगट मोडण्याची भीती असते. काहीजण एक तळहात पुढे, एक मागे अशी पकड घेतात. ती घट्ट बसते खरी, पण त्यात तळहात पुढे असलेल्या हाताचा कोपर वाकवला, तर दंडाच्या बेडकुळीचा कंडरा तुटू शकतो.

त्या मुलाला मी औषध दिले नाही. आठवड्यातून दोनदा बीमला नुसते लोंबकळ, २०-३० सेकंद, तीनदा. नंतर बीमवर जाड टॉवेल टाकून तो धरून लोंबकळ. घरी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या हातात घेऊन अंगणात फेऱ्या मार (आईचे कामही होईल). दांडा तळहाताच्या मध्यावर धरू नकोस, बोटांच्या मुळाशी धर. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले, तर काही दिवस थांब. कंडरे स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात.

हा विषय फक्त पैलवानांचा नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. ज्यांची मूठ कमजोर, त्यांच्यात पुढील काळात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. स्प्रिंग दाबत बसल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. मूठ हा सगळ्या शरीराच्या ताकदीचा आरसा आहे, इतकेच. मात्र रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. आणि मुठीतला जोर एकाएकी गेला किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर जिम नव्हे, डॉक्टर गाठावा.

आमच्या गावच्या तालमीत वस्ताद दोर चढायला लावत, तेव्हा आम्ही कुरकुरत असू. आता नव्या जिममध्ये महिन्याच्या फीबरोबरच पट्टे खपवले जातात. शिकवणाऱ्यांनी निदान पहिले सहा महिने तरी मुलांच्या हाती ते देऊ नयेत, असे मला स्पष्टपणे वाटते.

परवा तो मुलगा पुन्हा आला. नववा पुल-अप निघाला म्हणाला, आणि तळहात पुढे केले. दोन्ही हातांना चांगले घट्टे आले होते. ‘‘ब्लेडने कापू का?’’ असे विचारीत होता. मी म्हटले, कापू नकोस, आंघोळीनंतर हलकेच घासून सपाट ठेव, नाहीतर बीमवर सोलून निघतील.