दोष बोटांचा की वाद्याचा?

अनेक घरांच्या भिंतीवर एखादी गिटार मुकी होऊन टांगलेली दिसते. मुलाने वा मुलीने हट्ट धरला म्हणून ती आणली गेली, पहिले चार आठवडे उत्साहाने वाजली आणि मग बोटांच्या टोकांना वळ उठले, स्वर जुळेनासे झाले आणि तिच्यावर धूळ साचू लागली. घरातील वडीलधारी मंडळी त्यावर निकाल देऊन मोकळी होतात : “त्याला संगीताचे अंगच नाही.” हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो. मुलाच्या बोटांची परीक्षा घेण्यापूर्वी वाद्याची परीक्षा घ्यावयास हवी, आणि ती घेण्यास संगीताचे फारसे ज्ञानही लागत नाही. गिटारच्या दोन लहानशा भागांकडे नीट पाहिले म्हणजे पुरे.

पहिला भाग म्हणजे खुंट्यांच्या खालची हाडाची वा प्लॅस्टिकची अरुंद पट्टी. तिच्यावरील खाचांतून तारा पुढे जातात. दुरुस्ती करणारे कारागीर तिला ‘नट’ म्हणतात. आपण वीणा-सतारीचा जुना शब्द ‘मेरू’ वापरू. दुसरा भाग म्हणजे दांडीवर आडवे बसविलेले धातूचे पडदे. हे बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्या मिश्रधातूत तांबे, जस्त आणि निकेल एवढेच असते.

मेरूवरील खाचा पुरेशा खोल नसल्या तर तार पहिल्या पडद्यापासून फार उंच राहते. ती दाबताना बोटाला कष्ट होतात, हे तर उघडच आहे. परंतु त्याहून मोठी हानी निराळीच आहे. उंच तार खाली दाबली जाताना ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो. त्यामुळे मोकळ्या तारा अचूक जुळविलेल्या असूनही पहिल्या दोनतीन पडद्यांवरील स्वर बेसूर निघतात. चांगल्या कानाच्या मुलाला हा बेसूरपणा टोचतो आणि ते बिचारे दोष स्वतःकडे घेते!

याची कसोटी सोपी आहे. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर पाहा. तार व पडदा यांच्यामध्ये जेमतेम कागदाच्या जाडीइतकी फट असावी. फट बरीच मोठी असेल तर मेरू उंच आहे. फट मुळीच नसेल आणि मोकळी तार छेडताच खरखरत असेल, तर खाच जास्त खोल गेली आहे. त्यानंतर बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची मोजावी. धातूच्या तारांच्या साध्या गिटारवर ती सुमारे २ ते २·५ मिलिमीटर असली म्हणजे नवशिक्याला वाद्य सुखाचे वाटते.

आता पडद्यांकडे वळू. त्यांच्या जागा गणिताने ठरतात. मेरूपासून घोडीपर्यंतच्या लांबीला १७·८१७ ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसऱ्याचे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर पहिला पडदा मेरूपासून सुमारे ३६·५ मिलिमीटरवर येतो, आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ मिलिमीटरवर. जुने कारागीर १८ या आकड्याने भागत. हा नियम व्हिन्चेन्झो गॅलिली याने १५८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितला आहे. हा गृहस्थ म्हणजे थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओचा पिता.

गिटारवर एका सप्तकात बारा पडदे असतात, तसेच दक्षिणेच्या सरस्वती वीणेवरही असतात; दोन सप्तकांचे मिळून चोवीस. ही रचना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरचे रघुनाथ नायक यांच्या दरबारात निश्चित झाली, असे परंपरा सांगते. याच तंजावरात पुढे भोसले घराण्याने १८५५ पर्यंत राज्य केले आणि संगीताला आश्रय दिला, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. आज वीणेची ही विद्या पाहावयाची तर चेन्नईस जावे. तेथे वीणेचे पितळी पडदे लाकडात ठोकत नाहीत. मेण आणि कोळशाची पूड यांच्या काळ्या मिश्रणाच्या दोन उंच कडांवर ते बसविले जातात. उष्म्याने मेण मऊ होते, बोटांच्या दाबाने पडदे किंचित सरकतात आणि काही काळाने सारे काम नव्याने करावे लागते. या कामाला ‘मेळम्’ म्हणतात. कारागीर एकेक पडदा कानाने पारखून जागेवर बसवितो. पडदा हा कायमचा नसून सांभाळण्याचा भाग आहे, ही जाणीव वीणावादकाला प्रथमपासून असते. गिटार घेणाऱ्या घरांत नेमकी हीच जाणीव नसते.

वीणेकडून आणखी एक धडा मिळतो. तिचे पडदे दांडीपासून इतके उंच असतात की बोट लाकडाला टेकतच नाही. त्यामुळे तार आडवी खेचून एकाच पडद्यावरून अनेक स्वर काढता येतात. मद्रासचे विख्यात वीणावादक एस. बालचंदर (१९२७–१९९०) यांची या कामातील हुकमत प्रसिद्ध होती. जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाने वीणेचे शिक्षण घेतले आणि १९७५ च्या सुमारास झाकीर हुसेन, एल. शंकर व टी. एच. विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा संच उभा केला. त्या संचासाठी त्याने जी गिटार घडवून घेतली, तिच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते. हेतू हाच, की बोटाखाली लाकूड येऊ नये आणि गमक मोकळेपणाने निघावे. चेन्नईत वाढलेल्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी मॅन्डोलिनच्या चार जोडतारांऐवजी पाच एकेरी तारा लावून ते पाश्चात्त्य वाद्य कर्नाटक संगीताला अनुकूल करून घेतले.

तथापि, यावरून उंच पडदे सर्वांनाच हितकर असतात असे मात्र समजू नये. उंच पडद्यावर बोट जरा जोराने पडले तरी स्वर चढतो. एकाच वेळी चारसहा तारा दाबून गाण्याला साथ करणाऱ्या नवशिक्याला बेताच्या उंचीचे, एकसारखे पडदे अधिक सोयीचे. आपण कोणते संगीत वाजविणार, हे ठरवूनच वाद्यात बदल करावा.

पडदे एकसारखे आहेत की नाहीत हे कसे ओळखावे? एकाच वेळी तीन पडद्यांवर टेकेल एवढी लहान, सरळ धारेची पोलादी पट्टी ठेवावी. ती डुगडुगली तर मधला पडदा उंच आहे. त्याच्यामुळे अलीकडच्या पडद्यावर दाबलेली तार खरखरते. कारागीर लाकडावर चिकटपट्टी लावून, पडद्यांच्या माथ्यांना शाई फासून सपाट कानशीने हलक्या हाताने घासतो. शाई सर्वत्र पुसली गेली की माथे एका पातळीत आले. घासल्याने सपाट झालेला प्रत्येक माथा मग पुन्हा गोलसर करून चकचकीत करावा लागतो. मेरूची खाच तारेच्या जाडीच्या कानशीने घासतात आणि तिला खुंट्यांच्या बाजूस उतार देतात, म्हणजे तार पुढच्या कडेवरूनच सुटते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासत राहावी म्हणून आपण जवारी काढतो. गिटारच्या मेरूवर तोच गुण दोष ठरतो.

घरी काय करावे आणि काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या कसोट्या, तारा बदलणे, वाजविल्यानंतर तारा व पडदे कोरड्या कापडाने पुसणे, ही कामे घरची. कानशीचे काम शिकलेल्या हाताचे. खाच केसभर जास्त खोल गेली तर मेरूच बदलावा लागतो, आणि घासलेला पडदा पुन्हा उंच होत नाही. दांडीतील पोलादी कांब पिळून बाक काढावयाचा असल्यास एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये.

हवामानाचीही आठवण ठेवावी. चेन्नई, मुंबई वा रत्नागिरीच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि घामाने तारा गंजतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. बदली होऊन कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, तर पहिल्या वर्षातच वाद्य एकदा तपासून घेणे इष्ट.

हे काम जाणणारे हात आपल्या देशात आहेत. तंजावरच्या वीणेला २०१३ साली आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकनाने वाद्य तयार होत नाही. कान आणि कानशी या दोहोंवर हुकमत असलेला माणूस लागतो, आणि त्याच्याकडे काम गेले तरच त्याचा मुलगा ही विद्या शिकतो. म्हणून भिंतीवरील ती गिटार खाली काढा, कागदाच्या जाडीची ती कसोटी आजच करून पाहा आणि दोष आढळल्यास एखाद्या जाणत्या कारागिराकडे जा. दुरुस्त झालेले वाद्य पुन्हा त्याच मुलाच्या हाती द्या. संगीताचे अंग त्याला आहे की नाही, याचा निकाल त्यानंतर द्यावा.